घरी सनस्क्रीन बनवायचंय? आधी हे वाच

भाऊ, हौस चांगलीये पण सुरुवात सनस्क्रीनने नको करू. झिंक ऑक्साइड (ऊन अडवणारी पांढरी पूड) क्रीममध्ये चमच्याने कालवलं की गुठळ्या राहतात, चेहऱ्यावर कुठे जाड थर तर कुठे काहीच नाही, आणि एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो तो आकडा, काही घरी मोजता येत नाही, म्हणजे भुसावळच्या मे महिन्यात तू उघडाच फिरणार. आधी साधं लोशन जमव.

- ग्रॅमचा काटा घे, चमच्याचं माप विसर.
- पाणी घातलं की प्रिझर्व्हेटिव्ह (बुरशी-जंतू रोखणारा घटक) पाहिजेच. मी पहिल्यांदा टाळलं, डबीत बुरशी!

तोवर सनस्क्रीन विकतचंच, एसपीएफ ३० च्या वरचं, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, उन्हात असशील तर दर २ तासांनी परत. ट्यूब गाडीच्या डिक्कीत ठेवू नको, तापून फाटतं ते, दुधासारखं.