तो टोमणा नव्हता

प्रश्न : मिस्टरांना ५ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. डावा हात जड झाला होता, तोही आता पूर्ण चालतो. पण माणूस बदलला. बाहेरच्यांशी छान बोलतात, माझ्यावर मात्र चिडतात. हाक मारली तर भलतीकडेच बघतात. पेपर उघडतात आणि 'काहीही छापतात' म्हणून टाकून देतात. चष्म्याचा नंबर दोनदा तपासला, बदललेला नाही. भाजी-आमटी संपवतात, पण परवा शेंगदाण्याची चटणी ताटात तशीच ठेवली आणि वर मलाच विचारलं, "आज चटणी केली नाहीस?" ३५ वर्षांच्या संसारानंतर असे टोमणे ऐकायचे? मी आत जाऊन रडले. मुलगा म्हणतो, बाबांना पुन्हा स्कूटर चालवू दे, मन रमेल. यांचा स्वभाव कसा सांभाळू?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, स्वभावाचं राहू द्या. ती चटणी ताटात कुठे वाढली होती?

तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपल्याकडे ताट कसं वाढतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. उजवीकडचं सगळं संपतं आणि डावीकडचं तसंच राहतं. झटक्यात जड झाला तोही डावाच हात. तुमच्या यजमानांनी टोमणा मारला नाही. त्यांना चटणी दिसलीच नसावी, म्हणून त्यांनी सरळ विचारलं.

तुम्ही रडलात त्याबद्दल मी तुमचं सांत्वन करणार नाही. मला त्या माणसाचं वाईट वाटतंय. त्याचं अर्धं जग गेलेलं असू शकतं, ते त्याला स्वतःला कळत नाही, आणि घरात त्याची बायको रुसून बसते. का रुसली, तेही कळत नाही. चिडेल नाही तर काय करेल?

समोरचं जे दिसतं त्यातला डावा अर्धा भाग, दोन्ही डोळ्यांतून आलेला, मेंदूच्या उजव्या बाजूला पोचतो, डोक्याच्या अगदी मागच्या भागात. तिथला किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवरचा रक्तपुरवठा तुटला की दोन्ही डोळ्यांची डावी बाजू एकदम जाते. डोळे मात्र ठणठणीत असतात. म्हणून चष्म्याचा नंबर बदलला नाही. नंबर काढताना समोरची अक्षरं किती बारीक वाचता येतात एवढंच पाहतात. बाजूचं किती दिसतं हे त्यांना कुणी विचारलंच नसणार. शिवाय गेलेल्या भागात काळोख दिसत नाही. आपल्या पाठीमागे आपल्याला काळं दिसतं का? तिथे काही नसतंच. तसंच हे. काही रुग्णांचा मेंदू तर डाव्या बाजूची दखल घेणंच सोडून देतो. यजमानांचा डावा गाल बघा, दाढी करताना तिकडे खुंट राहतात का ते.

पेपरचंही कोडं यातून सुटतं. ओळ मधूनच वाचायला लागलं आणि पुढच्या ओळीची सुरुवात सापडली नाही, तर छापलेलं 'काहीही'च वाटणार. तुम्ही डावीकडून हाक मारली की ते उजवीकडे शोधत असतील. तुम्हाला वाटतं, मुद्दाम तोंड फिरवलं.

आज रात्री एक करा. त्यांनी 'झालं माझं' म्हटलं की काही न बोलता ताट अर्धं फिरवा, म्हणजे डावीकडचं उजवीकडे येईल. त्यांनी तेव्हा चटणीला बोट लावलं, तर डॉक्टरांना नेमकं हेच सांगा. निदान मात्र घरी करायचं नाही. या आठवड्यात त्यांची 'फील्ड टेस्ट', म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी, करून घ्या. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात ती होते आणि सांगलीहून मिरज काही लांब नाही. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून यंत्रात मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला उजेड चमकला की बटण दाबायचं. मग दुसरा डोळा. सुई नाही, दुखणं नाही. नंतर तो कागद घेऊन झटक्याच्या वेळच्या न्यूरो डॉक्टरांना भेटा.

घाई अशासाठी की अशी गेलेली नजर परत आलीच, तर ती बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येते. तुमचे ५ महिने चष्म्याच्या दुकानात आणि रुसव्यात गेले. जे परत येणार नाही त्यावर उपाय आहे, पण तो शिकावा लागतो. मान आणि नजर मुद्दाम डावीकडे नेण्याचा सराव करून घेतात. पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावतात; ती लाल रेघ दिसेपर्यंत डावीकडे जायचं, मगच ओळ वाचायला घ्यायची. हातपायांच्या व्यायामाइतकंच हे रोज करावं लागतं.

आणि स्कूटरची किल्ली आत्ताच्या आत्ता तुमच्या कपाटात ठेवा. मन रमवायला मुलाने बाबांना रोज संध्याकाळी फिरायला न्यावं, आणि स्वतः त्यांच्या डाव्या हाताला चालावं. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने गाडी चालवतो. पायी चालणारी माणसं, बोळातून सायकल घेऊन येणारी पोरं, सगळी त्याच बाजूला. ती त्यांना दिसणारच नाहीत आणि दिसली नाहीत हे कळणारही नाही. डॉक्टर तपासून स्पष्ट 'हो' म्हणेपर्यंत किल्ली द्यायची नाही. ते कितीही ओरडले, मुलगा कितीही मध्ये पडला तरी.

उद्या सकाळी फोन करून वेळ घ्या आणि मुलालाही बरोबर न्या. बाबांना किती दिसत नाही, ते डॉक्टरांच्या तोंडून त्याने स्वतः ऐकावं.