पाच रात्रींची बोट आणि सोबतीची पुस्तकं

चोपड्याच्या भाऊंनी विचारलंय की डिसेंबरात ते, वहिनी, आई आणि सहावीतली मुलगी असे चौघं मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर पाच रात्रींसाठी चाललेत. सगळ्यांना वाचायची आवड आहे. पुस्तकं कोणती आणि किती घ्यायची, बोटीवर वाचताना मळमळतं का, आणि आईंना डोळ्यांमुळे बारीक अक्षर दिसत नाही त्याचं काय करायचं, असे तीन प्रश्न आहेत.

भाऊ, मी ३१ वर्षं तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर काढली. निवृत्तीनंतर बोटीच्या तीन सफरी झाल्या, दोन मुंबईहून आणि एक मुलाबरोबर सिंगापूरहून. त्यामुळे या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे आणि थोडं लांबेल.

पहिल्या सफरीला मी दोन खंडांची ऐतिहासिक कादंबरी घेऊन गेले. घरी कधी होत नाही, बोटीवर वेळच वेळ असेल, असा हिशोब होता. चार दिवसांत चाळीस पानं झाली. बोटीवर वेळ भरपूर असतो हे खरं, पण तो सलग नसतो. नाश्ता झाला की कोणी तरी डेकवर बोलावतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना जमवून लाइफ जॅकेटची आणि कुठे जमायचं याची तालीम घेतात. मग जेवण, मग संध्याकाळचा कार्यक्रम, मधूनमधून भोंग्यावर सूचना. वीस मिनिटं वाचलं, उठलं. दीड तासाने परत आलं, तोवर कोणता सरदार कोणाच्या बाजूचा हेच विसरलं. म्हणून माझं पहिलं आणि खरं सांगायचं तर एकच सांगणं आहे: पुस्तक असं घ्या, जे कुठेही सोडता येईल आणि दोन ओळींत पुन्हा धरता येईल. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तशी पुस्तकं आपल्याकडे खूप आहेत. पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे मी डोळे झाकून पहिलं सांगते. एका बैठकीत एक माणूस भेटतो आणि संपतो. जेवणाची वेळ झाली तरी काही अडत नाही. तुम्ही ते आधी वाचलं असेल, तरी घ्या. सुट्टीत एक तरी वाचलेलं पुस्तक जवळ असावं असं मला ठामपणे वाटतं. थकलेलं मन नव्या माणसांची नावं लक्षात ठेवायला कुरकुरतं, ओळखीच्यांकडे मात्र आनंदाने जातं. वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठी मोठी माणसं तेच तेच पुस्तक पाचव्यांदा न्यायची, तेव्हा मला नवल वाटायचं. आता वाटत नाही.

दुसरं, समुद्रावर समुद्राचंच वाचायचं असेल तर एकच पुस्तक घ्या, ‘एका कोळियाने’. हेमिंग्वेच्या १९५२ च्या छोट्या कादंबरीचा हा पु. लं.नीच केलेला अनुवाद आहे. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा कोळी आणि त्याची होडी, एवढीच गोष्ट. बारीक पुस्तक आहे. ज्या दिवशी बोट कुठेच थांबत नाही, नुसती चालत राहते, त्या दिवसासाठी राखून ठेवा. मी ते घरी दोनदा वाचलं होतं. तिसऱ्यांदा डेकवर वाचताना मान वर केली आणि चारी बाजूंनी पाणी दिसलं, जमिनीची रेघसुद्धा नाही. म्हाताऱ्याने दोर हातात धरून रात्र काढली म्हणजे काय केलं, ते तेव्हा अंगात उतरलं. आपल्या तापीला पूर आला तरी पलीकडचा काठ दिसतो. इथे काठ हा प्रकारच नाही.

पण सगळीच पुस्तकं पाण्याची घेऊ नका. दोन दिवस पाणी बघितलं की मनाला माती हवीशी वाटते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) तिथे फार गोड लागते. माणदेशातलं धनगरांचं गाव, नवा आलेला कोवळा मास्तर, आणि शेवटी दुष्काळ. छोटी कादंबरी आहे, दोन दुपारींत होते. तुम्ही शाळेत शिकवता म्हणून तर नक्की घ्या. तसंच प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंगढांग’, हिमालयात रस्ता बांधणाऱ्या माणसांचं. बोटीवर बसून बर्फातल्या कड्यांचं वाचणं हा वेगळाच आनंद आहे आणि गोष्ट पहिल्या पानापासून हात धरते.

वहिनींना रहस्यकथा आवडतात असं लिहिलंय, तर बोटीसाठी याहून चांगला प्रकार नाही. बंद जागा, मोजकी माणसं, कोणी बाहेर जाऊ शकत नाही. अगाथा ख्रिस्तीने १९३७ च्या ‘डेथ ऑन द नाईल’मध्ये नाईल नदीवरची बोट त्यासाठीच वापरली. संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मंडळींकडे त्या वेगळ्याच नजरेने बघतील. फक्त रहस्यकथा एकाच माणसाने आधी संपवू नये. एकाने पुढे वाचलं की त्याचा चेहराच सगळं सांगतो.

आता काय नेऊ नये. जाडजूड पुस्तकं नकोत. नेमाड्यांची ‘हिंदू’ (२०१०) आपल्या खानदेशातल्या मातीची आहे, मला अतिशय प्रिय आहे, पण ती घरी, पावसाळ्यात, ओट्यावर बसून वाचायची कादंबरी आहे. ‘कोसला’ (१९६३) आकाराने बसेल. पांडुरंग सांगवीकर आपल्याकडचाच पोरगा. तरी त्यातला लहान बहीण मनीच्या मृत्यूचा भाग आला की दोन दिवस काही गोड लागत नाही. सुट्टीत ते दुःख ओढवून घेऊ नये, असं माझं मत. आणि ‘वाचायला हवं’ म्हणून वर्षभर कपाटात पडलेलं पुस्तक तर मुळीच नेऊ नका. जे घरी उघडलं नाही, ते बोटीवरही उघडत नाही.

वाचनालयात मी नव्या सभासदांना एक युक्ती सांगायचे. पुस्तक मधूनच उघडा आणि उभ्या उभ्या एक पान वाचा. पान उलटावंसं वाटलं तर घरी न्या, नाहीतर परत ठेवा. बॅग भरण्याच्या आठवड्यात चौघांनीही हे करा.

आईंसाठी मला जास्त लिहायचं आहे. दुसऱ्या सफरीला माझ्या जाऊबाई सोबत होत्या. सत्तरी उलटलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आसोद्याकडच्या. बहिणाबाईंचं माहेर आसोदं. जाऊबाईंना डेकवर नुसतं बसून कंटाळा यायला लागला, तेव्हा मी पिशवीतून ‘बहिणाबाईंची गाणी’ काढली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, त्यांच्या ओव्या आचार्य अत्र्यांना दाखवल्यावर १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह हे पुस्तक निघालं, एवढं आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. मी खळ्यावर धान्य उपणताना वाऱ्याला बोलावणारी कविता वाचायला घेतली. डेकवर वारा असा की पान दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरावं लागत होतं. जाऊबाई म्हणाल्या, ‘त्याले बोलवाचं काम नाही आता, तो आलेलाच हाये.’ मग मी एक शब्द पुस्तकी पद्धतीने उच्चारला तर त्यांनी तो लेवा बोलीत नीट करून दिला, आणि पुढच्या चार ओळी त्यांनी स्वतःच म्हटल्या, पुस्तकाकडे न बघता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांनी खुर्ची सरकवून माझ्यासाठी जागा करून ठेवली होती. शेजारच्या केबिनमधल्या सुरतच्या बाई शब्द कळत नसतानाही येऊन बसायच्या.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक पुस्तक मोठ्याने वाचायला न्यावं. आईंचे डोळे सांभाळले जातात आणि चौघं एका जागी बसता. तुमच्या घरासाठी ‘श्यामची आई’ सुचवते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली, आणि त्याआधी ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा आपलेपणा आहेच. पुस्तकाची मांडणी रात्रींची आहे, एकूण ४२. तुमच्या पाच रात्री, रोज एक वाचा. क्रमानेच वाचायला पाहिजे असं नाही. श्यामला आई पोहायला विहिरीवर पाठवते ती रात्र पहिल्या दिवशी घ्या. तुमची मुलगी पाण्याला घाबरते असं लिहिलंय, लक्षद्वीपच्या पाण्यात उतरायच्या आधी ती ऐकू दे. पुस्तकातल्या शेवटच्या रात्री दुःखाच्या आहेत, त्या मात्र घरी परतल्यावर वाचा.

मुलीला स्वतःला वाचायला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. धडाधड प्रकरणं संपतात, बारा वर्षांच्या पोरांना तेवढंच लागतं. भागवतांनी जूल व्हर्नही मराठीत आणला, समुद्राची ओढ लागली तर परतल्यावर तिकडे वळेल. आणि तुमच्या शेजारच्या धरणगावच्या बालकवींच्या कवितांचं एखादं पातळ पुस्तक तिच्या हाताशी असू दे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोंबरेंना ‘बालकवी’ हे नाव मिळालं तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते, तिच्यापेक्षा चार-पाचच वर्षांनी मोठे. हे तिला सांगा.

मळमळीचं. बोट हलतेय हे कानातल्या तोलाच्या इंद्रियाला कळतं, पण डोळे स्थिर पानावर असतात. मेंदूला दोन वेगळ्या बातम्या मिळतात आणि पोटात ढवळायला लागतं. डिसेंबरात समुद्र बऱ्यापैकी शांत असतो आणि मोठ्या बोटीवर फार जाणवत नाही, तरी पहिल्या दिवशी केबिनमध्ये बसून वाचू नका. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर हालचाल सगळ्यात कमी असते. जरा कसंसं वाटलं की पुस्तक मिटून दूर क्षितिजाकडे बघा. औषध घ्यायचं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आईंच्या बाबतीत तर नक्कीच. आणि ज्याला वाचवतच नाही त्याने ऐकावं. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं चांगल्या आवाजात आहेत. मात्र ती घरीच उतरवून घ्या. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते आणि बोटीवरच्या वायफायचे बहुधा वेगळे पैसे पडतात.

कागद की किंडल हा प्रश्न आईंपुरता सुटलेलाच आहे. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळतात आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मोबाइलचा पडदा उन्हात काळाठिक्कर दिसतो, किंडलचा कागदासारखा स्वच्छ दिसतो. बाकीच्यांनी प्रत्येकी दोन कागदी पुस्तकं घ्यावीत. तिघांची सहा, आणि ती आपसात फिरवायची. जास्त घेतली तर एकही धड होत नाही.

खाऱ्या दमट हवेत कागद मऊ पडतो. माझ्या पुस्तकाची पानं तिसऱ्या दिवशी अर्धवट वाळलेल्या बिबडीच्या पापडासारखी लिबलिबीत झाली होती. रात्री पुस्तक सुती फडक्यात गुंडाळून केबिनमध्ये कपड्यांच्या खाली ठेवा. खूण म्हणून सुटा कागद घालू नका, वारा तो पहिल्या मिनिटाला नेतो. मी जाड दोऱ्याला पेन्सिल बांधून तो दोरा पानात घालते. बेटावर जाताना बोट दूर नांगर टाकते आणि लहान होड्यांतून नेतात, तेव्हा पुस्तक केबिनमध्येच राहू द्या.

बोटीवर वाचनालय असतं, तिथे मराठी पुस्तकं मिळतील, असं आमच्या तिकीट काढून देणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. प्रत्यक्षात एक कपाट, त्यात इंग्रजी पुस्तकं आणि कॅरम-पत्ते. सोबत आलेल्या दोघींनी त्या भरवशावर एकही पुस्तक घेतलं नव्हतं. मग माझी दोन त्यांना दिली. तुम्ही त्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. तुम्ही जळगावहून रात्रीच्या गाडीने सकाळी सकाळी मुंबईत उतराल. बोट सुटते ते बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून जवळ आहे, पण बोटीत चढायला दुपार होते आणि रांगा लांब असतात. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि केबिनच्या दारात यायला काही तास लागतात. सलग वाचन माझं सगळ्यात जास्त झालं ते त्या रांगेत आणि त्या वाट बघण्यात. मुलीचा फास्टर फेणे आणि आईंचं किंडल तिथे हाताशी पाहिजेच. चार्जर आणि आईंचा चष्माही त्याच पिशवीत टाका.

वाचनालयाची पुस्तकं नेणार असाल तर निघण्याच्या आधी जाऊन मुदत वाढवून घ्या आणि बाईंना सांगा की बोटीवर नेतोय, म्हणजे त्या प्लॅस्टिकचं कव्हर घालून देतील. आईंना ओव्या, भजनं की गोष्टी, काय जास्त रुचतं ते कळवा. त्याप्रमाणे मोठ्या टाइपातली दोन-तीन नावं काढून ठेवते.