अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या सीझनमध्ये, म्हणजे वर्षभराच्या कार्यक्रमांत, ऑपेरापासून नृत्यापर्यंत सगळं असतं. फक्त मराठी नाटकं बघत वाढलेल्याने त्यातलं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये मास्टर्सला निघालात, सीझनची यादी बघून गांगरलात आणि पैसे वाया घालवायचे नाहीत. मी २०११ ते २०१३ तिथेच शिकत होतो. माझं म्हणणं एवढंच की, यादीतलं जे नाव वाचून काहीच बोध होत नाही, ते आधी बघा.

पण पहिल्यांदा एक घोळ मिटवू. तिथे सीझन एक नाही, दोन आहेत. तुम्ही बघितलेली यादी बहुतेक यूएमएसची, म्हणजे युनिव्हर्सिटी म्युझिकल सोसायटीची. १८७९ मध्ये हँडेल या जुन्या युरोपीय संगीतकाराचं ‘मसाया’ हे समूहगान गायला जमलेल्या मंडळींपासून ती सुरू झाली. डिसेंबरात तेच ‘मसाया’ अजून होतं आणि त्यांचा स्वतःचा गायकवृंद ते गातो. बाकी बहुतेक कार्यक्रम बाहेरून बोलावलेल्यांचे. दुसरा सीझन विद्यापीठाच्या संगीत, नाट्य आणि नृत्य शिकणाऱ्या मुलांचा. त्यांची नाटकं स्वस्तात बघायला मिळतात आणि त्यांचं म्युझिकल थिएटर भल्याभल्यांना लाजवेल असं असतं. नॉर्थ कॅम्पसवर त्यांचं आर्थर मिलर थिएटर आहे. नाटककार मिलर याच विद्यापीठाचा विद्यार्थी. तिथलं छोटं नाटक चुकवू नका, तिसऱ्या रांगेत बसून नटाचा श्वास ऐकू येतो.

आपण रविवारच्या पेपरात जाहिरात बघतो, दुपारी ठरवतो आणि रात्री प्रयोगाला जाऊन बसतो. तिथे वर्षभराचं आधीच जाहीर होतं, कॉलेजच्या वेळापत्रकाला धरून, सप्टेंबर ते एप्रिलच्या आसपास. त्यामुळे आपली मुलं एक सोपी युक्ती करतात. सतार-तबल्याचा एक कार्यक्रम शोधायचा, सगळ्यांनी मिळून तिकिटं काढायची आणि ‘झालं आपलं कल्चर’ म्हणायचं. पहिल्या सत्रात मीही तेच केलं.

मग एक धडा मिळाला, उशिरा पोहोचण्याचा. नोव्हेंबरात एका वाद्यवृंदाला मी चार मिनिटं उशिरा पोहोचलो. चूक माझीच, बस सोडली होती. दार बंद. आपल्याकडे तिसरी घंटा झाली तरी डोअरकीपर बॅटरी दाखवत रांगेपर्यंत नेऊन सोडतो, इथे पहिली रचना संपेपर्यंत लॉबीतच उभा राहिलो. फार राग आला होता.

म्हणून जानेवारी २०१२ मध्ये जे झालं त्याची गंमत वाटली. विद्यापीठाच्या पॉवर सेंटर या नाट्यगृहात ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा होता, संगीतकार फिलिप ग्लास आणि दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांचा. १९७६ चं काम, त्यांची मूळ मांडणी १९९२ नंतर रंगमंचावर आली नव्हती. जगाच्या दौऱ्यावर निघण्याआधीचे तीन प्रयोग या गावात झाले. साडेचार तासांच्या आसपास, मध्यंतर नाही. आणि प्रेक्षकांना मुभा अशी की हवं तेव्हा उठा, बाहेर जा, परत या! एरवी दार बंद करणारी हीच माणसं.

गोष्ट नाहीच त्यात. आगगाडी येते, कोर्ट भरतं, आइन्स्टाइनचा वेष केलेला एक माणूस व्हायोलिन वाजवतो, आणि गाणारे शब्दांऐवजी एक-दोन-तीन-चार किंवा डो-रे-मी गातात. पहिला अर्धा तास मी घड्याळ बघत होतो. मग डुलकी लागली. उठलो तर तेच चालू होतं, पण कानाला आता वेगळं ऐकू येत होतं. मोजून बघितलं तर आवर्तनात कुठेतरी एक मात्रा वाढत होती, कुठे कमी होत होती. नंतर वाचलं की हा ग्लास तरुणपणी पॅरिसमध्ये रविशंकरांचं चित्रपटसंगीत स्वरलिपीत उतरवायला बसला होता आणि पुढे अल्लारखाँकडे तबल्याचे धडे घेतले.

मी कुडाळकडचा. लहानपणी जत्रेत देवळासमोर दशावतार बघायचो. रात्री उशिरा सुरू, पहाटे दहीकाला. संकासुर आला की जागे व्हायचं, राजाचं भाषण लांबलं की आजीच्या मांडीवर झोपायचं, मध्येच खाजं घ्यायला जायचं. कोणी मनाई करत नसे, नाटक आपल्या जागी चालू असे. पॉवर सेंटरच्या लॉबीत कॉफी पिताना मला तेच आठवत होतं. शेजारचा अमेरिकन ‘किती नवीन कल्पना आहे’ म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे ये एकदा.

यादीत ते नाव वाचून मला काहीही कळलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या एका मुलीचं जादा तिकीट होतं म्हणून गेलो. सतारीचा तो कार्यक्रम छान झाला होता, पण त्यातलं आज फार काही आठवत नाही.

तिकिटांचं म्हणाल तर विद्यार्थ्यांना सवलत असते, आमच्या वेळी सत्राच्या सुरुवातीला निम्म्या दराची विक्री असे. विद्यार्थी असल्याचं कार्ड जवळ ठेवा. वाद्यवृंद हिल ऑडिटोरियममध्ये असेल तर पुढच्या महाग जागेच्या मागे लागू नका. १९१३ ची ती इमारत, साडेतीन हजारांच्या आसपास खुर्च्या, आणि माइक नसताना वरच्या बाल्कनीत सुद्धा स्वर स्वच्छ पोहोचतो. मी कायम वरच बसलो. रॅकहॅम या लहान सभागृहात चार वादकांचं असेल तर मात्र जवळ बसा.

कपड्यांची चिंता नको, जीन्स चालते. जाड कोट मात्र मांडीवर घेऊन बसावा लागेल. आणि बस एक आधीची पकडा.