नोव्हेंबरातला हमिंगबर्ड कोणता?

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या फीडरवर (साखरपाण्याच्या भांड्यावर) नोव्हेंबरअखेरीस एक हमिंगबर्ड येतोय. पाठ हिरवी, कुशी तांबूस, गळ्यावर चार-पाच ठिपके. फोटो पाठवलेत. रुबी-थ्रोटेड जातीचाच ना?

उत्तर : नाही. रुबी-थ्रोटेड बहुतेक ऑक्टोबरपर्यंत दक्षिणेकडे निघून जातात. त्यांच्या मादीच्या कुशीवरही कधी पिवळट झाक असते, पण शेपटीत विटकरी रंग नसतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत शेपटीच्या मुळाशी तो स्पष्ट आहे. म्हणजे बहुधा अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या दोन जातींपैकी एक : रुफस किंवा अ‍ॅलन्स. पूर्वेला येणाऱ्यांत रुफसच जास्त, पण तेवढ्यावर शिक्का मारू नका.

निकाल शेपटीत आहे. पिसांच्या 5 जोड्या मधून बाहेर मोजा. रुफसच्या दुसऱ्या पिसाला टोकाशी खाच असते. प्रौढ नरात ठळक, मादीत पुसट. अ‍ॅलन्सचं सर्वांत बाहेरचं पीस फारच अरुंद असतं. मात्र फोटो तिरका असला की रुंद पीसही अरुंद दिसतं, इथेच बरेच जण फसतात.

म्हणून कॅमेऱ्याचा शटर-वेग 1/2000 सेकंद किंवा त्याहून जलद, सलग फोटो, आणि पक्षी पिसं साफ करताना किंवा दुसऱ्यावर धावून जाताना शेपूट पसरतो तो क्षण पकडा. गळ्याच्या रंगावर विसंबू नका. प्रकाशाचा कोन बदलला की लाल गळा काळा दिसतो.

फीडर काढू नका, तो ठेवल्याने स्थलांतर थांबत नाही. त्यात 1 भाग साखर, 4 भाग पाणी. लाल रंग घालू नये.