आधी सीटची दांडी निघते का बघा

गुहागरला समुद्राजवळच्या पडवीत पाच-सहा पावसाळे काढलेली लोखंडी फ्रेमची एमटीबी (डोंगरी सायकल). आधी रंग काढू की गिअर बदलू, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही थांबू द्या. एक रुपया खर्च करण्याआधी सीटची दांडी निघते का ते बघा. खाऱ्या हवेत फ्रेम बाहेरून दिसते त्यापेक्षा आतून जास्त खाल्लेली असते. सीटच्या फटीतून शिरलेलं पाणी थेट क्रँकच्या नळकांड्यात (पायडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो तिथे) उतरून तिथेच साचतं.

दांडी ॲल्युमिनियमची असेल तर ती लोखंडात घट्ट धरते, कारण मिठाच्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा पांढरा भुगा जागा अडवतो. बोल्ट काढा, सायकल उलटी करा, क्रँकच्या बाजूने गंज सोडवणारा स्प्रे आत मारा आणि दोन रात्री ठेवा. मग जुनी सीट घट्ट बसवून तिलाच हँडल समजून दांडी पिळा, ओढू नका. गॅसची शेगडी तर आणूच नका. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे ते आणखी आवळेल. उलट दांडीवर बर्फ धरा.

दांडी निघाली की क्रँकजवळच्या नळ्यांवर टोच्या दाबून बघा. पत्रा आत गेला तर फ्रेम भंगारात द्या. वेल्डिंगवाला नुसता पैसे घेईल.

ठीक निघाली तर पुढचं सोपं आहे. उजव्या बाजूचा क्रँक कप (नळकांड्याच्या तोंडाशी आट्यांवर बसणारी वाटी) आणि डावं पायडल, दोघांचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने फिरवून सुटतात. इथेच बहुतेक आटे मरतात. हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) साधारणपणे पुढे 3/16 इंची 10 आणि मागे पाव इंची 9 छर्रे एका बाजूला लागतात. जुने मोजूनच नवीन घ्या, पुसून परत घालू नका. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटवर) खड्डे पडले असतील तर तोही बदला, नाहीतर नवे छर्रेसुद्धा महिन्यात जातील. ग्रीस भरपूर भरा, इथे कंजूषपणा नको.

चेनच्या 12 पूर्ण कड्या (आतली-बाहेरची जोडी मिळून एक) नवीन असताना 304.8 मिमी भरतात. 307 मिमी भरल्या की चेन गेली, आणि तोवर फ्रीव्हीलचे दातही बहुधा झिजलेले असतात. जांभ्याची धूळ तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून चेन पुसूनच तेल द्या. केबल स्टेनलेसच्याच घ्या. साधी केबल दोन पावसाळेही टिकत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. पत्रा घासून उघडा केला की त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्राइमर) लावा. रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस झालेला दिसेल. आणि हे काम दसऱ्यानंतरच घ्या, पावसाळी दमट हवेत रंग धरत नाही. क्रँकच्या नळकांड्याखाली पाणी जायला भोक असेल तर चिखल काढून मोकळं करा. रंगाने ते पुन्हा बुजवू नका.