वीस बिहाइंड आणि पर्वतीच्या पायऱ्या

प्रश्न : सा. न. बाई, मी २७ वर्षांचा आहे, हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी करतो. कामानिमित्त दोन वर्षं मेलबर्नला होतो, तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड लागलं. परत आल्यावर धनकवडी, सहकारनगर, बिबवेवाडीतली मुलं गोळा केली. सगळी १६ ते २१ वयाची. पूर्ण अठरा जण जमत नाहीत म्हणून नऊ-नऊ जणांचा खेळ खेळतो. मागचं वर्ष छान गेलं. दिवाळीनंतर चार जुनी मुलं शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेरगावी गेली, त्यांच्या जागी नवी आली, आणि तेव्हापासून आम्ही सलग सहा सामने हरलो आहोत. शेवटच्या तीन सामन्यांचे आकडे देतो. पहिला : आमचे ४ गोल ११ बिहाइंड, त्यांचे ६ गोल २ बिहाइंड. दुसरा : आमचे ५ आणि ९, त्यांचे ७ आणि १. तिसरा : आमचे २ आणि ३, त्यांचे ९ आणि ६. दर सामन्याला संघ बदलून पाहिला. खूप समजावलं. तिसऱ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना पर्वतीच्या पायऱ्या दहा वेळा चढायला लावल्या. आता सरावाला निम्मी मुलंच येतात. गेलेला फॉर्म परत कसा आणायचा?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : तुझ्या वयाची मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत, म्हणून ‘तू’ म्हणते. पत्रात तू आकडे दिलेस याचा मला फार आनंद झाला. बहुतेक प्रशिक्षक मला नुसतं ‘मुलं खेळत नाहीत’ एवढंच लिहितात.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. या खेळात मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मधल्या खांबांतून चेंडू थेट पायाने मारून पार केला की गोल, त्याचे ६ गुण. उंच आणि बुटक्या खांबांच्या मधून गेला तर बिहाइंड, त्याचा १ गुण. चेंडू लांबट असतो, हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा. लाथेने आलेला आणि निदान १५ मीटर लांबून आलेला चेंडू हवेत नीट झेलला की तो ‘मार्क’, मग शांतपणे मारायची संधी मिळते.

आता तुझे पहिले दोन सामने कागदावर मांड. ४ गोल ११ बिहाइंड म्हणजे ३५ गुण, समोरच्यांचे ३८. दुसऱ्यात तुमचे ३९, त्यांचे ४३. पण खांबांपर्यंत चेंडू कितीदा पोहोचला ते बघ. दोन सामन्यांत मिळून तुमच्या पोरांनी २९ वेळा पोहोचवला, त्यांनी १६ वेळा. जवळजवळ दुप्पट! तुमचे बिहाइंड २०, त्यांचे ३. बिहाइंडच्या जागी गोल झाला की पाच गुण वाढतात. प्रत्येक सामन्यात तुमचा एकेक बिहाइंड जरी मधल्या खांबांतून गेला असता, तरी तुम्ही ४०-३८ आणि ४४-४३ असे दोन्ही सामने जिंकला असता.

या मुलांचा फॉर्म गेलेला नाही रे. त्यांची शेवटची लाथ चुकते आहे, आणि ती शिकवता येते.

तिसरा सामना मी यात धरतच नाही. आदल्या संध्याकाळी पर्वती दहा वेळा म्हणजे हजारावर पायऱ्या चढून तितक्याच उतरायच्या. उतरताना मांड्या जास्त भरून येतात. त्या पायांनी सकाळी कोण पळणार? तिथे पाचच वेळा खांबांपर्यंत गेलात, ती हार मुलांच्या नावावर लिहू नकोस. आणि व्यायाम शिक्षा म्हणून पुन्हा कधीच देऊ नकोस. ज्या गोष्टीची मुलांना गोडी लागायला हवी, तिचीच भीती बसते. हे मी कळकळीने सांगते आहे.

माझी मुलगी मेलबर्नला असते. २०१८ आणि २०१९ चा हिवाळा मी तिच्याकडे काढला. नातू बारा वर्षांखालच्या संघात होता. जूनमधली सकाळ, गवत ओलं, अंगावर दोन स्वेटर, आणि मध्यंतरासाठी संत्री कापून न्यायची पाळी आमच्या घराची. सीमेवर उभी राहून मी त्यांच्या प्रशिक्षकाचा सराव बघायचे. गोलवर मारण्याचा सराव तो मुलं ताजीतवानी असताना घ्यायचाच नाही. सगळं आटोपल्यावर मैदानाला एक फेरी, आणि धाप लागलेली असतानाच चेंडू हातात. प्रत्येकाने किती पावलं मागे जायचं ते ठरलेलं. एकाची सहा, एकाची नऊ, पण त्याची तीच, दर वेळी. मग श्वास सोडायचा, चेंडू टोक खाली ठेवून पायावर सोडायचा आणि सरळ रेषेत मारायचा. यालाच ते ‘ड्रॉप पंट’ म्हणतात. चेंडू उलटा गिरक्या घेत जातो, म्हणून सरळ जातो. मोठ्यांच्या सामन्यातसुद्धा मार्क घेतल्यावर गोलवर मारायला ३० सेकंद मिळतात. तीस सेकंद हा मोठा वेळ आहे. तुझी नवी मुलं तो घेत नसणार, धावत येऊन मारून मोकळी होत असणार. तिथे जा, उभा राहा आणि मोज.

आता संघ बदलण्याविषयी. इथे मला माझीच चूक सांगायला हवी. १९९४ साली शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे होता. सगळ्या आठवी-नववीतल्या, आणि आम्ही हरत होतो. मी दर सामन्याला साखळी बदलायचे. खांबाजवळची मधे, मधली खांबाजवळ. खो उशिरा पडायचा, फाऊल व्हायचे, मी आणखी बदलायचे. शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, मागून कोण येतंय हे पावलांवरून कळायला लागतं, तेवढ्यात तुम्ही जागा बदलता.’’ मी गप्प झाले. त्यानंतर दोन महिने साखळीला हात लावला नाही. त्यातलेही पहिले तीन सामने हरलोच. चौथ्यापासून मुली मागे न बघता उठायला लागल्या.

तुझ्या चार नव्या मुलांना अजून कोणाच्याच पावलांची ओळख झालेली नाही. कोण डाव्या पायाने मारतो, कोण चेंडू मिळाला की आधी आत वळतो, हे अंगात मुरायला वेळ लागतो. नऊ जण ठरव आणि पुढचे सहा सामने तेच नऊ ठेव. कोणी आजारी पडला, जखमी झाला तरच बदल.

ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतलं ब्रिस्बेन लायन्सचं उदाहरण तुला माहीत असेल, तरी मुलांना सांग. २०१७ मध्ये हा तरुण संघ तळाला होता, २२ पैकी ५ सामने जिंकला. २०१८ ची सुरुवात तर सलग आठ पराभवांनी झाली, आणि वर्षाअखेर विजय पुन्हा पाचच. गुणतक्ता बघणारा म्हणेल, काही फरक पडला नाही. पण प्रशिक्षक ख्रिस फॅगन यांना बदललं नाही, तरुण गाभा मोडला नाही. त्या वर्षी त्यांनी ल्यूक हॉज नावाचा तेहतिशीचा, हॉथॉर्न संघाबरोबर चार अजिंक्यपदं पाहिलेला खेळाडू आणून या पोरांमध्ये उभा केला. तो दोन मोसम खेळला. २०१९ मध्ये ब्रिस्बेनने १६ सामने जिंकले आणि साखळीत दुसरा क्रमांक मिळवला. पुढे २०२४ आणि २०२५ ची अजिंक्यपदंही त्यांचीच.

याच हॉथॉर्नचा नवा, तरुण संघ २०२४ मध्ये पहिले पाचही सामने हरला आणि तरीही बाद फेरीत पोहोचून उपांत्य सामन्यात पोर्ट ॲडलेडकडून फक्त तीन गुणांनी हरला.

मात्र तरुण आहेत, आपोआप वर येतील, असं धरून बसू नकोस. नॉर्थ मेलबर्न २०२१ पासून २०२४ पर्यंत चारही वर्षं शेवटच्या दोन जागांतच राहिला. २०२३ मध्ये पहिले दोन सामने जिंकून पुढचे सलग वीस हरला आणि शेवटचा जिंकला. तिथे खालच्या संघाला नव्या खेळाडूंमधून आधी निवड करायला मिळते, म्हणजे गुणी मुलं त्यांनाही मिळतच होती. पण शेवटच्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या चौथ्या आणि शेवटच्या भागात, पाय जड झाल्यावर, ‘इथे थांब, आता मारू नकोस, बाजूला दे’ असं शेजारून सांगणारा कोणी लागतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला ते एकोणीस वर्षांचा दुसरा मुलगा सांगू शकत नाही.

तुझ्याकडे तसा कोण आहे? गेलेल्या चारांपैकी कोणी मुंबईला असेल तर महिन्यातून एक रविवार त्याला बोलाव. कोणीच नसेल तर तू स्वतः बूट चढव आणि मधे उभा राहा. माझ्या नातवाच्या संघात पाणी घेऊन मैदानात जाणारा पंधरा वर्षांचा मुलगा होता. पाण्याची बाटली देता देता तो या बारक्यांना जागा दाखवायचा. बाहेरून ओरडलेलं त्यांना ऐकू जायचं नाही, त्याचं ऐकायचे.

समजावणं कमी कर. रविवारी जा आणि मुलांना पहिल्या दोन सामन्यांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखव. २९ आणि १६. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसेल.

प्रश्न : माझी पुतणी हा खेळ खेळायचा म्हणते. अंगावर धावून जाण्याचा खेळ मुलींना झेपेल का?
– एक काकू, नारायण पेठ

उत्तर : झेपतो. ऑस्ट्रेलियात बायकांची राष्ट्रीय पातळीवरची लीग २०१७ मध्ये सुरू झाली, आणि २०२२ पासून तिथल्या अठराही क्लबांचे महिला संघ आहेत. पुतणीला आधी पडायला शिकवा. खांद्यावर कसं घ्यायचं, हनुवटी छातीला कशी लावायची, हे इथले ज्युदोचे किंवा कबड्डीचे शिक्षक उत्तम शिकवतात. महिनाभर तेवढंच. मग खुशाल जाऊ द्या.

प्रश्न : बाई, मी १७ वर्षांचा आहे. आमच्या फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, संघात नवीन आहे. मागच्या सामन्यात तीन सोपे मार्क माझ्या हातून सुटले. दादा सगळ्यांसमोर ओरडले. तेव्हापासून चेंडू वर आला की हात कडक होतात. घरी सांगितलेलं नाही. सोडून देऊ का?
– नाव देऊ नये

उत्तर : बाळा, तुझा संघ कोणता ते मी विचारणार नाही. तुझे ते दादा हे वाचत असतील, तर त्यांनी एवढं करावं : चूक झाल्यावर मैदानात ओरडू नये, सराव संपल्यावर बाजूला घेऊन बोलावं. ओरडल्याने हात मऊ होत नाहीत.

तू एवढ्यात सोडू नकोस. चेंडू सुटतो तो बहुतेक वेळा नजर आधी सुटते म्हणून. समोरून कोण येतोय ते बघायला डोळे खाली येतात, आणि तेवढ्यात चेंडू बोटांवर आपटतो. दोन्ही अंगठे जवळ, बोटं पसरलेली, हात डोळ्यांच्या पुढे, आणि चेंडूची शिवण दिसेपर्यंत नजर त्यावरच. घराच्या गच्चीवर कोणाला तरी रोज पन्नास चेंडू टाकायला सांग. पहिले वीस सोपे, मग उंच, शेवटचे दहा टाकताना त्याने तुला हलका धक्का द्यायचा. टाकायला आईलाच सांग. म्हणजे ते तीन मार्कही तिला सांगून होतील, ते एकट्याने मनात ठेवायची गरज नाही.

पुढचा सामना झाला की मला लिही. किती झेलले आणि किती सुटले, दोन्ही आकडे.