‘सर, चालत नाही’ म्हणणाऱ्या मुलांना सर्किट दुरुस्ती कशी शिकवावी?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरावी-बारावीच्या मुलांकडून तुम्ही पॉवर सप्लाय, टायमर, ॲम्प्लिफायर अशी छोटी सर्किटं करून घेता. बंद पडलं की मुलं ‘सर, चालत नाही’ म्हणून बोर्ड तुमच्यापुढे ठेवतात. तुम्ही दोष शोधून देता, मुलं खूष होऊन जातात आणि पुढच्या वेळी तसलाच दोष घेऊन परत दारात उभी. त्यांना दोष शोधायला कसं शिकवावं आणि ते कोणत्या भाषेत, हे तुम्ही विचारलंय. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, मशिनांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करते आणि रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चार-पाच मुलं हे काम शिकायला येतात. त्या अनुभवावरून सांगते.

मुलाने मीटरचा प्रोब टेकवण्याआधी तिथे किती व्होल्ट यायला हवेत हे तोंडाने सांगितलं पाहिजे. माझा सगळा भर या एका सवयीवर असतो. आकडा चुकला तरी चालेल, पण सांगायचा आधी. ‘बघू या किती येतात’ म्हणून प्रोब लावणाऱ्याचा हात मी सरळ मागे घ्यायला लावते. कारण मीटर काहीतरी आकडा दाखवणारच, आणि काय यायला हवं होतं हेच मनात नसेल तर कोणताही आकडा पोराला बरोबरच वाटतो.

परवाचंच उदाहरण घ्या. साधा ५ व्होल्टचा सप्लाय: ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ चे चार डायोड ब्रिजमध्ये, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ७८०५, म्हणजे आउटपुट ५ व्होल्टवर धरून ठेवणारा आयसी. आउटपुटला १५ ओहमचा सिमेंटचा रेझिस्टर लोड म्हणून. रात्री जेवणाच्या वेळी मुलाचा फोन, ‘ताई, आयसी खराब आहे. लोड लावला की व्होल्टेज पडतं. दुसरा आयसी लावला, तोही खराब निघाला.’ मी म्हटलं, दोन आयसी अगदी एकाच तऱ्हेने खराब कसे निघतील रे? तो गप्प. मग विचारलं, लोड काढून कपॅसिटरवर किती यायला हवेत? ‘नऊ. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलंय की.’ मोज म्हटलं. बाराच्या वर आले.

इथे खरं शिकवणं सुरू झालं. आकडा आधी विचारला नसता तर त्याने ‘बारा आले, ठीक आहे’ म्हणून पुढे उडी मारली असती, आणि ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले ९ व्होल्ट आरएमएस, म्हणजे एसीचं एक प्रकारचं सरासरी मूल्य असतात, कपॅसिटर मात्र शिखरापर्यंत भरतो, हे त्याला ठाऊकच नाही याचा पत्ता ना त्याला लागला असता ना मला. ९ ला १.४१४ ने गुणलं की १२.७. वाटेत दोन डायोड, त्यांचे १.४ गेले, उरले ११.३. लोड नसताना ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच देतो, म्हणून बाराच्या वर. हे त्याने वहीत स्वतः मांडलं. मी फोन कानाला लावून भात कालवत होते.

मग लोड लावून आउटपुट: पाचऐवजी साडेचारच्या जरा वर. आता कपॅसिटरवर किती असतील? त्याने अकरा सांगितले, आले आठ. ७८०५ ला आउटपुटपेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे इनपुट सातच्या खाली गेलं की तो पाच धरून ठेवू शकत नाही. ‘पण ताई, आठ तर सातपेक्षा जास्त आहेत!’ हा प्रश्न त्याने स्वतःहून विचारला तेव्हा मला फार बरं वाटलं. मीटर सरासरी दाखवतं. दोन शिखरांच्या मधे व्होल्टेज खाली घसरतं ते मीटरला दिसत नाही. चारही डायोड काम करत असतील तर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरला जातो. एक जरी तुटला तर २० मिलिसेकंदांनी. ३३० मिलिॲम्पिअर लोडला १००० मायक्रोफॅरडवर १० मिलिसेकंदांत सुमारे ३ व्होल्ट उतरतात, २० मध्ये सहाच्या वर. ११ मधून ६ गेले की ५. म्हणजे प्रत्येक फेरीत थोडा वेळ बिचाऱ्या आयसीला पुरेसं इनपुटच मिळत नव्हतं. आयसी ठणठणीत होता, दोन्ही.

आता डायोड तपासायचा. सप्लाय बंद केला, कपॅसिटर रिकामा झाला याची खात्री केली आणि मीटर डायोडच्या रेंजवर घेतलं. चारही डायोड चांगले दाखवत होते! इथे भले भले फसतात. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे आउटपुटकडची वाइंडिंग, जोडलेली असताना तुटलेल्या डायोडऐवजी करंट वाइंडिंगमधून फिरून शेजारच्या डायोडने जातो, आणि मीटर आपलं ०.५५ दाखवतं. हे मात्र मी त्याला सांगून टाकलं. ते त्याच्याकडून काढून घ्यायचा हट्ट धरला असता तर पहाट झाली असती. सेकंडरीची एक वायर सोडवल्यावर तीन डायोड बोलले, चौथा नाही. चौथ्याच्या लीडवर प्रोब टेकवला की आकडा येई, पॅडवर टेकवला की नाही. ड्राय सोल्डर, म्हणजे नुसता चिकटलेला, न धरलेला सांधा. पाव मिनिटाचं काम.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ प्रत्येक मुलाला कुठून द्यायचा? बरोबर आहे, पण तो आधीच द्यावा लागतो. बोर्ड हातात घेऊन मी ते ड्राय सोल्डर एका नजरेत पाहिलं असतं, आणि मुलगा फक्त ‘ताईची नजर काय आहे!’ हे शिकला असता. ही नजर येते कुठून? १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवायचा आणि मग आठवून मांडायला लावायचं. पट्टीच्या खेळाडूने नवशिक्याला खूप मागे टाकलं. पण मोहरी कशीही विखरून ठेवली तेव्हा त्याची ही आघाडी जवळपास संपली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही जगावेगळी नव्हती. त्याला सुटी मोहरी न दिसता ओळखीच्या मांडण्या दिसत होत्या. बोर्डाचंही तेच. तुम्हाला रेक्टिफायर (डायोडचा ब्रिज), फिल्टर (कपॅसिटर), रेग्युलेटर (७८०५) असे तीन तुकडे दिसतात, मुलाला पंधरा सुटे पार्ट. म्हणून मी पहिल्या दिवशी बोर्डावर स्केचपेनने तीन घरं आखायला लावते आणि दर घराच्या वेशीवर अपेक्षित व्होल्टेज लिहून घेते. दोष शोधायचा तर मधल्या वेशीपासून सुरुवात. तिथे आकडा बरोबर असेल तर मागची बाजू सोडून द्यायची.

उलट बाजूही सांगते, कारण माझं वरचं वाचून कोणी कोऱ्या पोराला ‘तूच शोध’ म्हणून सोडून देईल. तसं करू नका. ज्याने सप्लाय कधी चालू अवस्थेत मोजलाच नाही, तो अपेक्षित आकडा सांगणार कशाच्या जोरावर? १९८५ मध्ये स्वेलर आणि कूपर यांनी बीजगणितात दाखवलं की सुरुवातीला सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासणारी मुलं, नुसती गणितांवर डोकं आपटणाऱ्या मुलांपेक्षा तशाच पुढच्या गणितांत जलद आणि कमी चुकत चालतात. म्हणून आमच्याकडे पहिले काही रविवार मीच मोजते, मोठ्याने बोलत: ‘इथे अकरा यावेत, कारण अमुक. आले दहा. का बरं?’ मग एकेक पायरी काढून घ्यायची. शेवटची पायरी आधी मुलाकडे द्यायची, मग शेवटच्या दोन. आणि जमायला लागलेल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून समजावत बसलात तर तो जांभया देतो, ते वेगळंच.

सोल्डरिंगला ही युक्ती लागू पडत नाही. तिथे आकडा नाही, हात आहे. मुलं सांध्याचा फोटो पाठवतात, वर ट्यूबलाइटची चकाकी. तयार सांधा पाहून हात कसा चालला ते कळत नाही, म्हणून मी व्हिडिओ मागते. दर वेळी एकच दृश्य: पोरगं सोल्डरची तार आयर्नच्या बिटवर वितळवतं, तो थेंब उचलून पॅडपर्यंत नेतं आणि तिथे पुसतं. तारेच्या पोटातला फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरायला मदत करणारा पदार्थ, तोवर धूर होऊन गेलेला, आणि पॅड थंडच. चिकटल्यासारखं दिसतं, धरत नाही. बिट पॅडला आणि लीडला एकदम टेकवा, क्षणभर थांबा, मग तार दुसऱ्या बाजूने सांध्याला लावा, बिटला नको. सोल्डर आपणहून पसरतं. आधी तार काढायची, मग आयर्न. जुन्या रेडिओच्या भंगार बोर्डावर हे घोटून घ्या. आमच्याकडे सेव-उसळ त्या दिवशीचे सांधे झाल्यावरच मिळते.

भाषेचंही तुम्ही विचारलंय. पार्टची नावं आहेत तशीच ठेवा, कारण दुकानात तीच चालतात. कारणं मात्र घरच्या भाषेत सांगा. माझ्याकडची निम्मी मुलं गुजराती, ती मला ‘बेन’ म्हणतात आणि काही जळलं की ‘बळी गयुं’ ओरडतात. मी त्यांना गुजरातीतच समजावते. आमच्या घरापासून जवळच कलाभवन ही धंद्याचं शिक्षण देणारी जुनी संस्था आहे. सयाजीरावांनी ते १८९० साली काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांनी ते उभं केलं आणि धंद्याचं शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज तिथे एम. एस. युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे.

एक बाब मी फोनवर कधीच शिकवत नाही: मोबाइल चार्जर आणि एसएमपीएसची (स्विचिंग सप्लायची) मेन्सकडची, म्हणजे घरच्या विजेकडची बाजू. २३० व्होल्ट सरळ रेक्टिफाय होऊन मोठ्या कपॅसिटरवर ३२५ च्या आसपास डीसी उभं असतं, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहू शकतं. यूट्यूब बघून मुलं पहिला चार्जरच उघडतात, कारण तो घरात पडलेला असतो. तुमच्या वर्गात तो मनाई यादीत टाका आणि ट्रान्सफॉर्मरवरच्या सप्लायपासून सुरू करा. तोही तुमच्या देखत. पिवळ्या स्वस्त मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात राहिली असेल आणि पोराने ती प्लगच्या सॉकेटमध्ये घातली तर तो सरळ शॉर्ट असतो, म्हणून मेन्स मोजण्याआधी मीटर दुसऱ्याने तपासायचं हा नियम करा. पहिल्यांदा सप्लाय लावताना मेन्सच्या लाइनमध्ये ४० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. फिलामेंटचाच हवा, एलईडी चालणार नाही. बल्ब पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. नाही पेटला तर बल्ब काढून सरळ जोडा, कारण बल्ब मधे ठेवून लोडवर घेतलेले आकडे कमीच येतील आणि मुलं पुन्हा आयसी बदलत बसतील.